जंगलरस्त्यावर मोबाईलची रेंज का जाते, आणि काय केले तर टिकते?

गडचिरोली/चंद्रपूर : आलापल्लीवरून भामरागड, धानोऱ्यावरून मुरूमगाव, राजुऱ्यावरून जिवती. रस्ता कोणताही घ्या, गाव आले की मोबाईल टिंगटिंग करतो आणि गाव सुटले की मुका होतो. पूर्वी एवढ्याने काही बिघडत नव्हते. आता बँकेचा ओटीपी, परीक्षेचा फॉर्म, दुकानदाराचे पैसे आणि दवाखान्याची गाडी, सगळेच मोबाईलवर आले आहे. त्यामुळे रस्त्यात रेंज गेली की कामही जाते आणि कधीकधी जिवावरही येते.

टॉवर उभारणे गावकऱ्याच्या हातात नाही. पण आहे तीच रेंज जास्तीत जास्त वापरून घेणे हातात आहे. त्यासाठी आधी दुखणे नेमके कोणते, ते ओळखावे लागते.

दुखणी तीन, औषधे वेगळी

"नेट चालत नाही" असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, रेंजच नाही. फोनवर 'नो सर्व्हिस' दिसते. म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर पोहोचत नाही.

दुसरी, रेंज आहे पण अशक्त. एखादी काडी दिसते, कॉल लागतो पण तुटतो, फोटो जात नाही.

तिसरी, काड्या भरपूर पण नेट फिरतच राहते. इथे तुमच्या फोनचा दोष नाही. फोन आणि टॉवर यांचे जमलेले आहे, टॉवरच्या मागचे बिघडले आहे. टॉवरपर्यंत येणारी फायबर केबल रस्त्याच्या कामात तुटली असेल, बॅटरी उतरली असेल, किंवा बाजाराच्या दिवशी एकाच टॉवरवर सगळे तुटून पडले असतील. अशा वेळी फोन वर धरून, खिडकीबाहेर काढून काही होत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम वापरणे किंवा थांबणे, एवढेच दोन उपाय.

पुढचे बहुतेक उपाय दुसऱ्या दुखण्यासाठी आहेत. आपल्या भागात प्रवासात तेच जास्त भेटते.

काड्या पाहू नका, आकडा पाहा

वरच्या काड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मनाने दाखवतो. एका फोनवर दोन, दुसऱ्यावर तीन, आणि रेंज तीच. खरा आकडा अँड्रॉइड फोनमध्ये आत असतो. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा, त्यात 'सिम स्टेटस' आणि त्यात 'सिग्नल स्ट्रेंथ'. तिथे उणे ९५ डीबीएम असा काहीतरी आकडा दिसेल. काही फोनमध्ये ही जागा थोडी इकडेतिकडे असते.

हा आकडा नेहमी उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर व्हिडिओसुद्धा चालतो. उणे १०० ला काम भागते. उणे ११० च्या खाली गेला की रडतखडत, आणि उणे १२० ला बहुधा बंद. इथे दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. उणे ९० वरून उणे ११० वर आला, तर रेंज शंभरपट कमी झाली. म्हणूनच दोन पावले सरकून पाच-सात आकडे सुधारले तरी अडकलेला फोटो जातो.

झाडे रेंज खातात ती कशी?

मोबाईलचा सिग्नल ही रेडिओ लहर. ती हवेतून सरळ जाते. डोंगर आडवा आला की अडते, झाडी आडवी आली की थोडी थोडी मुरत जाते. पानात पाणी असते आणि पाणी ही लहर शोषते. सागाची पाने उन्हाळ्यात गळून जातात, तेव्हा त्याच रस्त्यावर रेंज जरा बरी मिळते. पावसाळ्यात झाड पानांनी भरते, पाने ओली होतात आणि मे महिन्यात जिथे कॉल लागत होता तिथे ऑगस्टमध्ये लागत नाही. फोन खराब झाला असे समजून दुकानात जाण्याआधी हे लक्षात घ्यावे.

सगळ्या लहरी सारख्या नसतात. रेला नाचाचा ढोल दूरच्या टोल्यावर ऐकू येतो, पण घुंगरांचा आवाज तिथवर पोहोचत नाही. मोबाईलचेही काहीसे तसेच आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात आणि झाडीतूनही बऱ्यापैकी निघतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान नेट देतात, पण लवकर थकतात. फाइव्हजीचा मोठा भाग ३५०० च्या आसपास चालतो. म्हणून तालुक्याच्या गावात फाइव्हजी धावते आणि चार किलोमीटर जंगलात गेले की गळते.

आणखी एक गोष्ट. टॉवर बोलतो मोठ्याने, फोन बोलतो हळू. टॉवरची ताकद कित्येक वॅट असते. फोरजी फोनची जास्तीत जास्त ताकद साधारण एक पंचमांश वॅट. त्यामुळे टॉवरचे बोलणे फोनपर्यंत येते, पण फोनचे उत्तर टॉवरपर्यंत जात नाही. काडी दिसते, आलेला मेसेज वाचता येतो, पण आपला फोटो जात नाही, त्याचे कारण बहुतेकदा हेच.

फोनमध्ये करायच्या गोष्टी

१. फाइव्हजी बंद करून फोरजीवर ठेवा. जंगलरस्त्यावर फोन फाइव्हजीच्या अशक्त रेंजला चिकटून बसतो किंवा फोरजी-फाइव्हजी अशा उड्या मारत राहतो. सेटिंगमध्ये 'मोबाईल नेटवर्क', त्यात 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप'. तिथे फोरजी किंवा एलटीई निवडा. शहरात पोहोचल्यावर परत बदला.

२. फक्त बोलायचे असेल तर टूजी करून पाहा. बीएसएनएल, एअरटेल आणि व्हीआयचे टूजी अजून चालू आहे. टूजीत फोनची ताकदही जास्त असते, त्यामुळे आवाज लांबवर जातो. जिओला टूजीच नाही. तिथे फोरजी गेले की कॉलही गेला. जिओवाल्यांनी व्होल्टी चालू आहे ना, हे पाहून ठेवावे.

३. विमान मोड लावून काढा. बराच वेळ रेंज नसली की बॅटरी वाचवण्यासाठी फोन टॉवर शोधणे कमी करतो. मग गाव आले तरी त्याला लवकर कळत नाही. विमान मोड दहा-पंधरा सेकंद लावून काढला की तो नव्याने शोध घेतो. फोन बंद करून चालू करण्यापेक्षा हे लवकर होते. मात्र दर दोन मिनिटांनी करू नका, बॅटरी जाते.

४. रेंज नाहीच अशा लांब पट्ट्यात विमान मोड लावून ठेवा. टॉवर शोधण्यात आणि पूर्ण ताकदीने ओरडण्यात फोनची बॅटरी सगळ्यात जास्त जळते. पन्नास टक्के घेऊन निघालेला फोन जंगल पार होईपर्यंत निम्मा होतो आणि नेमका गरजेला बंद पडतो.

५. 'डेटा रोमिंग' चालू ठेवा. हे बटण आपल्या भागात फार जणांचे बंद असते. सिरोंचाला प्राणहिता-गोदावरीपलीकडचा तेलंगणाचा टॉवर पकडतो. कोरची, धानोरा, भामरागडच्या हद्दीवर छत्तीसगडचा पकडू शकतो. काही फोनमध्ये अशा वेळी कॉल लागतो पण नेट बंद राहते, कारण रोमिंगचे बटण बंद असते. देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागण्याचे दिवस आता गेले, तरी आपल्या प्लॅनची खात्री करून घ्यावी.

गाडीत बसल्यावर

एसटी असो, काळी-पिवळी असो की बोलेरो, गाडी म्हणजे लोखंड-पत्र्याचा डबा. पत्र्यातून लहर जात नाही, काचेतून जाते. म्हणून खिडकीची जागा घ्या आणि फोन काचेजवळ धरा. मधल्या सीटवर मांडीवर ठेवलेला फोन आणि खिडकीजवळचा फोन यांच्या आकड्यात फरक पडतो, तो स्वतः पाहता येईल. फोन बाहेर काढू नका. झाडाची फांदी लागते, फोन हातातून सुटतो.

फोनचे अँटेना कडेला असतात. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या की अँटेना झाकतो. पाठीला धातूचे कव्हर किंवा लोहचुंबकाची पट्टी असेल तर ती काढा. कॉल करताना स्पीकर किंवा इअरफोन लावला तर फोन खिडकीजवळ राहतो आणि डोक्याचा अडथळाही टळतो.

चार जण एकत्र असाल तर ज्याच्या सिमला रेंज आहे त्याचा फोन काचेला लावून हॉटस्पॉट चालू करा, बाकीच्यांनी आत बसून वापरा. हॉटस्पॉटने रेंज वाढत नाही, पण जिथे रेंज आहे तिथून ती आत आणता येते.

चालत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो. दाट वस्तीत हे कळतही नाही. जंगलात दोन टॉवरमध्ये मोठी पोकळी असते, तिथे कॉल तुटतोच. मोठी फाइल पाठवायची असेल तर गाडी थांबते त्या गावात पाठवा. मोटारसायकलवाल्यांनी चालवताना फोन हातात घेऊ नये, थांबावे. आणि थांबायचे तर गावात, चौकात, लोक असतील तिथे. चढावर किंवा पुलावर मोकळी जागा असते म्हणून रेंज मिळते हे खरे, पण रेंजसाठी रस्ता सोडून टेकडीवर किंवा झाडीत शिरू नका. सिंदेवाही, मूल, सावली भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. खाली पाहून मोबाईलमध्ये गुंतलेल्या माणसाला आजूबाजूचे भान नसते. संध्याकाळी तर नकोच.

कोणते सिम?

अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट असे सांगता येत नाही. जी कंपनी ब्रह्मपुरीत धावते ती एटापल्लीत झोपते. म्हणून आपल्या नेहमीच्या रस्त्यावर कोणाची रेंज कुठे आहे, ते पाहावे. रोज जाणारे एसटीचे कंडक्टर, शिक्षक, आशाताई यांना विचारले तर नेमके कळते. आता ट्रायच्या नियमाप्रमाणे कंपन्यांना आपल्या कव्हरेजचा नकाशा वेबसाईटवर ठेवावा लागतो. केंद्र सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचे टॉवर कोणत्या कंपनीचे आहेत तेही दिसते. नकाशावर रंग दिसला म्हणजे झाडीत रेंज मिळेलच असे नाही, पण अंदाज येतो.

दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही एकाच कंपनीची ठेवू नका. दुसरे सिम कमी पैशाच्या रिचार्जवर चालू ठेवले तरी अडचणीत उपयोगी पडते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर पोर्ट असे लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करावा. त्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत.

बीएसएनएलबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. नक्षलग्रस्त भागातले २,३४३ टूजी टॉवर फोरजी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये, जिथे फोरजी नाही अशा २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशी बनावटीच्या फोरजीचे उद्‌घाटन झाले. तरी अनेकांच्या फोनवर बीएसएनएलचे नेट जुन्यासारखेच चालते. याची दोन कारणे गावकऱ्याच्या खिशातच असू शकतात. एक, सिम जुने टूजी-थ्रीजीचे असते, ते बदलून फोरजीचे घ्यावे लागते. दुसरे, बीएसएनएलचे फोरजी ७०० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे 'बँड २८' वर आहे आणि काही जुन्या, स्वस्त फोनमध्ये तो बँडच नसतो. नवीन फोन घेताना दुकानदाराला हे विचारून घ्या.

दुसऱ्याच्या टॉवरवर आपले सिम

फार जणांना माहीत नसलेली सोय म्हणजे इंट्रा सर्कल रोमिंग. सरकारच्या डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या फोरजी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांचेही ग्राहक चालावेत, अशी ही व्यवस्था १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू करण्यात आली. म्हणजे जंगलातल्या गावात टॉवर एकाच कंपनीचा असला, तरी तो या निधीतला असेल तर दुसऱ्याचे सिमही चालू शकते. सगळ्या टॉवरना हे लागू नाही. पण करून पाहायला पैसे लागत नाहीत.

यासाठी 'मोबाईल नेटवर्क'मध्ये 'नेटवर्क ऑपरेटर' उघडून 'ऑटोमॅटिक' चालू ठेवा. कधीकाळी हाताने एक कंपनी निवडून ठेवली असेल तर फोन दुसऱ्याकडे वळणारच नाही. डेटा रोमिंग चालू हवेच. मग वर दुसऱ्या कंपनीचे नाव दिसले तर घाबरू नका, सोय चालू झाली असे समजा.

निघण्याआधीची तयारी

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे रेंज लागणारच नाही असे काम करून निघणे.

गुगल मॅपमध्ये आपला भाग आधीच डाउनलोड करून ठेवता येतो. जीपीएस उपग्रहावर चालते, त्याला नेट लागत नाही. नकाशा फोनमध्ये असला की रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसते.

तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, परीक्षेचे हॉल तिकीट यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि जमल्यास कागदही ठेवा. थोडे रोख पैसे खिशात हवेतच. नेट नसताना *९९# डायल करून बँक खात्यातून पैसे पाठवता येतात. त्यासाठी बँकेशी जोडलेले सिम आणि कॉल लागेल एवढी रेंज असावी लागते. घरी एकदा करून पाहा, रस्त्यात पहिल्यांदा करायला जाऊ नका.

निरोप पाठवायचा तर आधी साधा एसएमएस. त्याला नेट लागत नाही आणि अगदी अशक्त रेंजमध्येही तो निघून जातो. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर लिहून पाठवा. आवाजाचा मेसेज लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जड, फोटो त्याहून जड आणि व्हिडिओ सगळ्यांत जड. मेसेजवर घड्याळाची खूण दिसली तरी तो पुसू नका, रेंज आली की आपोआप जातो.

जिवाचे काम असेल तेव्हा

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. फोनवर 'नो सर्व्हिस' आणि 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' यांत फरक आहे. पहिल्याचा अर्थ, कोणताच टॉवर नाही. दुसऱ्याचा अर्थ, तुमच्या कंपनीचा नाही पण दुसऱ्या कोणाचा तरी टॉवर आहे. अशा वेळी ११२ लावा. हा कॉल मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून जातो. रिचार्ज संपलेला असला तरी लागतो. १०८ चे तसे नसते, त्याला आपल्या सिमची रेंज लागते. म्हणून सापाने चावलेला माणूस असो, अडलेली बाई असो की अपघात, १०८ लागत नसेल तर वेळ न घालवता ११२ लावावा.

कॉल लागला की आधी जागा सांगा. कोणत्या गावाहून कोणत्या गावाकडे, शेवटचे गाव कोणते गेले आणि रस्त्याच्या दगडावर किती किलोमीटर लिहिले आहे. कॉल मध्येच तुटला तरी एवढ्यावर गाडी येऊ शकते.

फसू नका

'सिग्नल बूस्टर' नावाचे ॲप रेंज वाढवू शकत नाही. ॲप घेऊन फोनचा अँटेना मोठा होत नाही. फोनच्या मागे चिकटवायच्या सोनेरी पट्ट्यांचेही तेच. पैसे वाया.

छतावर अँटेना लावून घरात रेंज देणारे बूस्टर ऑनलाइन मिळते. ते खरेच काम करते, पण परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे. कारण एका घराच्या बूस्टरने टॉवरवर गोंगाट होतो आणि आजूबाजूच्या गावांची रेंज बिघडते. दूरसंचार विभाग असे बूस्टर जप्त करतो.

तक्रार कुठे?

रोज एकाच जागी रेंज जात असेल, किंवा टॉवर असून नेट नसेल, तर कंपनीच्या १९८ या मोफत नंबरवर तक्रार करा. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, त्याला पैसे लागत नाहीत. तक्रारीत नुसते "रेंज नाही" लिहू नका. कोणते गाव, कोणता रस्ता, किती वाजता आणि 'सिम स्टेटस'मधला आकडा किती, हे लिहा. उणे ११८ असा आकडा लिहिला की "फोन बदलून पाहा" असे सांगून कोणी वाटेला लावू शकत नाही.

गावात टॉवरच नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी. ठरावात लोकसंख्या, जवळच्या टॉवरचे अंतर, शाळा आणि उपकेंद्र आहे की नाही, हे नमूद करावे. एकट्या माणसाच्या फोनपेक्षा गावाच्या कागदाला वजन जास्त असते.